तिसरा हिस्सा गावाचा

शिक्षकांना अनुदान हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. वेतनेतर अनुदान, ग्रंथालय अनुदान, विज्ञान साहित्यासाठी मिळणारी रक्कम, स्नेहसंमेलनाचा खर्च, या सगळ्यांचे हिशेब त्यांनी ठेवलेले असतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांचीही गोष्ट वेगळी नाही. वर्षातले काही आठवडे प्रस्ताव लिहिण्यात आणि काही आठवडे खर्चाचे दाखले जोडण्यात जातात. या उठाठेवीत आपण सगळे एकच प्रश्न विचारत असतो : रक्कम किती?

दुसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो म्हणजे, अट काय? वाचन, लेखन, नाटक, स्थानिक इतिहास अशा लोकांच्या उपक्रमांना दिलेल्या छोट्या मदतीचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर रकमेपेक्षा अटीनेच अधिक काम केलेले दिसते. चांगलेही आणि वाईटही. पैसा संपतो, पण त्याच्या अटीमुळे लोकांना लागलेली सवय मागे राहते. या लेखात अशी तीन उदाहरणे घेतली आहेत. पहिले पुण्याचे, दुसरे इंग्लंडचे आणि तिसरे बडोदे संस्थानचे. तिसऱ्याकडे अधिक तपशिलाने पाहू, कारण त्यातली अट सर्वांत साधी होती आणि तिचा परिणाम सर्वांत दूरवर गेला.

दक्षिणेचे पारितोषिक होते तेव्हा

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा मुळात तळेगावच्या दाभाड्यांची. पुढे ती पेशव्यांनी आपल्याकडे घेतली. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यात येत आणि दक्षिणा घेऊन परत जात. १८१८मध्ये पेशवाई संपली तेव्हा या खर्चाचे काय करायचे, असा प्रश्न एल्फिन्स्टनपुढे आला. एकदम बंद केला तर असंतोष होईल, आणि पूर्वीसारखाच चालवला तर त्यातून काही निष्पन्न होणार नाही. त्याने मधला मार्ग काढला. वर्षाला ५० हजार रुपयांची मर्यादा घातली आणि हा पैसा हळूहळू विद्येच्या कामाकडे वळवायला सुरुवात केली. १८२१मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली, तिला या पैशाचा आधार होता.

पुढचे पाऊल पुण्यातल्या सुधारक तरुणांनी टाकले. १८४९मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना पारितोषिक म्हणून द्यावा आणि तो देताना जात पाहू नये. या खटपटीत लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, पुढे होते. सनातन्यांनी विरोध केला, तरीही सरकारने मागणी मान्य केली आणि १८५१मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. जन्मावरून मिळणारा पैसा आता लेखनावरून मिळू लागला. मराठी गद्य तेव्हा नुकते बाळसे धरत होते. छापील पुस्तकाला गिऱ्हाईक मिळेल याची खात्री नव्हती. अशा वेळी शे-दोनशे रुपयांचे पारितोषिकही लेखकाला हुरूप देणारे होते. पुढे याच फंडातून महाविद्यालयात दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे त्यांपैकी एक.

पण या योजनेची अट काय होती? पुस्तक कमिटीला पसंत पडले पाहिजे, ही. १८५५मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. अडाणी कुणब्याला भटजी कसा नाडतो आणि शिक्षणाने त्याची सुटका कशी होऊ शकते, हा त्याचा विषय. कमिटीने ते नाकारले. हे फुल्यांनी स्वतः १८७३मध्ये ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. कमिटीतल्या भट सभासदांपुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे नाटक छापून लोकांपुढे यायला १९७९ साल उजाडावे लागले. मधे १२४ वर्षे गेली.

यात एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. फुल्यांच्या मुलींच्या शाळांना याच दक्षिणा फंडातून मदत मिळत होती. म्हणजे फंड एकच आणि माणूसही एकच. शाळेसाठी पैसा मिळाला, नाटकासाठी नाही. शाळेला मदत करावी की नाही हे वरिष्ठ अधिकारी ठरवत होते. नाटक चांगले की वाईट हे ठरवणारे मात्र, ज्यांच्याविषयी ते नाटक बोलत होते त्याच समाजातले होते. परीक्षक नेमून मदत द्यायची, तर परीक्षक कोण हीच खरी अट होऊन बसते. कागदावर जातीची अट काढून टाकली होती. निवडीच्या टेबलाशी ती तशीच बसून राहिली.

एका चुकीला दोन शिलिंग आठ पेन्स

आता त्याच सुमाराच्या इंग्लंडकडे वळू. तिथे सरकार लोकांनी चालवलेल्या प्राथमिक शाळांना अनुदान देत असे. ही रक्कम वर्षागणिक वाढत चालली तेव्हा पार्लमेंटात कुरकुर सुरू झाली, की इतका पैसा देऊन मिळते काय? रॉबर्ट लो या मंत्र्याने १८६२मध्ये नवी नियमावली आणली. तिचे तत्त्व ‘निकालावर अनुदान’ असे होते.

त्याचा हिशेब मोठा नेटका होता. मुलाच्या सरासरी हजेरीबद्दल शाळेला वर्षाला ४ शिलिंग मिळत. शिवाय निरीक्षक येऊन प्रत्येक मुलाची वाचन, लेखन आणि अंकगणित या तीन विषयांत परीक्षा घेई. त्यासाठी आणखी ८ शिलिंग. मूल एका विषयात नापास झाले, की २ शिलिंग ८ पेन्स कापले जात. एका शिलिंगात १२ पेन्स. म्हणजे एका नापासाला ३२ पेन्स आणि तिन्हींना मिळून ९६ पेन्स, बरोबर ८ शिलिंग. सातवी-आठवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर करायला द्यावे. मग विचारावे, की तुम्ही त्या शाळेचे हेडमास्तर असता तर काय केले असते?

मुले अचूक उत्तर देतील, कारण तिथल्या मास्तरांनी नेमके तेच केले. ज्या विषयांना पैसे नाहीत ते मागे पडले. इतिहास, भूगोल, निसर्गाचे निरीक्षण यांना वेळ उरेना. वाचनाची परीक्षा ठरावीक पुस्तकातून होई, म्हणून मुलांकडून पुस्तकच पाठ करून घेतले जाऊ लागले. हुशार मूल तसेही पास होणारच, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष. निरीक्षकाच्या दिवशी आजारी मुलालाही शाळेत आणून बसवायचे. मॅथ्यू आर्नल्ड हे इंग्रजी वाचकांना कवी आणि टीकाकार म्हणून माहीत आहेत. ते व्यवसायाने शाळा-निरीक्षक होते. या पद्धतीमुळे शिकवणे यांत्रिक झाले आणि शाळांतला जीव गेला, असे त्यांनी आपल्या अहवालांत वारंवार लिहिले. १८६७मध्ये इतिहास-भूगोलासारख्या विषयांसाठी थोडे जादा अनुदान सुरू झाले, पण मूळ चौकट टिकून राहिली. १८९०च्या दशकात ती टप्प्याटप्प्याने मोडीत निघाली.

तोवर ही पद्धत आपल्याकडे आली होती. मुंबई इलाख्यातल्या खासगी शाळांना मिळणारे अनुदान बव्हंशी निकालावर अवलंबून होते, हे १८८२च्या हंटर आयोगापुढे स्पष्ट झाले. लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०४च्या शैक्षणिक ठरावात तिला सोडचिठ्ठी दिली.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसेल. थर्मामीटर ताप मोजतो. पण थर्मामीटरच्या आकड्यावर पगार ठरू लागला, तर लोक ताप उतरवण्याऐवजी थर्मामीटर थंड पाण्यात बुडवतील. मोजमापाला पैसा जोडला, की मोजमाप बिघडते. लो यांचा हेतू वाईट नव्हता. गरिबांच्या मुलांनाही नीट वाचता-लिहिता आले पाहिजे, ही त्यांची मागणी रास्तच होती. तिच्यासाठी निवडलेली अट मात्र चुकली.

शिकलेले विसरू नये म्हणून

तिसरे उदाहरण बडोद्याचे. सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७५मध्ये ते बडोद्याला दत्तक गेले, तोवर त्यांचे शालेय शिक्षण झालेलेच नव्हते. १८८१च्या अखेरीस राज्यकारभार त्यांच्या हाती आला. सुमारे वीस लाख वस्तीचे हे संस्थान गुजरातेत तुकड्यातुकड्यांनी पसरलेले होते. राजघराण्याची भाषा मराठी, प्रजेची बहुतांशी गुजराती.

१८९३मध्ये सयाजीरावांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. आधी थोड्या गावांत करून पाहायचे, अडचणी समजून घ्यायच्या आणि मग वाढवायचे, अशी ती रीत होती. तेरा वर्षांनी, १९०६मध्ये, हा कायदा संस्थानभर लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात तेव्हा असे काहीही नव्हते. १९११मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्यापुढे बडोद्याचे उदाहरण होते. पुढच्या वर्षी ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९११च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात शंभरात सुमारे सहाच माणसे साक्षर होती.

बडोद्यात मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. मूल चार-पाच वर्षे शाळेत गेले, वाचायला शिकले आणि शाळा सोडून शेतावर गेले. गावात छापील कागद म्हणून काही नाही. पाच-सात वर्षांत ते शिकलेले विसरून जाई. साक्षरता ही पोहण्यासारखी नसते, की एकदा आले म्हणजे आले. निदान कच्ची साक्षरता तरी नसते. ती वापरली नाही तर गंजते. म्हणजे शाळांवर केलेला सगळा खर्च दहा वर्षांत वाहून जाण्याची भीती. यावर उपाय एकच होता : शाळा सुटल्यावरही वाचायला काहीतरी मिळत राहिले पाहिजे, आणि तेही चालत जाण्याच्या अंतरावर.

एका शिक्षकाने याची सुरुवात आधीच केली होती. मोतीभाई अमीन हे चरोतर भागातले शिक्षक. १९०६च्या सुमारास त्यांनी ‘मित्रमंडळ’ नावाने गावोगाव छोटी वाचनालये काढायला सुरुवात केली. चार लोकांनी एकत्र यायचे, वर्गणी काढायची, वर्तमानपत्रे आणि थोडी पुस्तके मागवायची. पुढे गुजरातच्या ग्रंथालय चळवळीचे जनक म्हणून ते ओळखले जाऊ लागले.

सयाजीरावांनी अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१०मध्ये त्यांनी न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम अॅलन्सन बॉर्डेन यांना बडोद्यात आणले. बॉर्डेन तीन वर्षे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे करणे, ग्रंथांच्या वर्गीकरणाची पद्धत ठरवणे आणि ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग चालवणे, ही कामे त्यांनी केली. १९११चा हा वर्ग आपल्या देशातला अशा प्रकारचा पहिला मानला जातो. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया सयाजीरावांच्या स्वतःच्या सुमारे वीस हजार ग्रंथांच्या संग्रहाने घातला गेला. बायकांसाठी आणि मुलांसाठी त्यात वेगळी दालने होती. १९१२पासून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयांना वाहिलेले नियतकालिक निघू लागले. त्यात इंग्रजी, गुजराती आणि मराठी असे तीन विभाग असत. ते जनार्दन सखाराम कुडाळकर पाहत. बॉर्डेन परत गेल्यावर ग्रंथालय खात्याची धुराही त्यांच्यावर आली.

घरटी आठ आणे

पण मोठ्या शहरातले मोठे ग्रंथालय हा या गोष्टीचा गाभा नव्हे. गाभा खेड्यांसाठी केलेल्या एका साध्या नियमात होता.

नियम असा. गावाने वाचनालयासाठी जेवढी रक्कम जमवली, तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देईल आणि तेवढीच सरकार देईल. प्रांत पंचायत म्हणजे आजच्या जिल्हा परिषदेसारखी संस्था. थोडक्यात, तिसरा हिस्सा गावाचा. याला वरची मर्यादा होती : खेड्याला वर्षाला १०० रुपये, कसब्याच्या गावाला ३०० आणि प्रांताच्या मुख्य गावाला ७००. वाचनालयाची इमारत बांधायची असेल तरी हीच वाटणी. एक भाग गावाचा, दोन भाग बाहेरचे.

हिशेब करून पाहू. समजा, दोनशे उंबऱ्यांचे गाव आहे. घरटी आठ आणे दिले की वर्षाला शंभर रुपये होतात. त्यात पंचायतीचे शंभर आणि सरकारचे शंभर मिळाले की तीनशे. त्या काळात एवढ्यात वर्तमानपत्रे-मासिके आणि पुस्तकांची दरसाल भर सहज होई. सरकारच्या बाजूने पाहिले तर हजार खेड्यांना कमाल रक्कम दिली तरी एक लाख रुपये. कोटीच्या घरात उत्पन्न असलेल्या संस्थानाला हा खर्च जड नव्हता.

यातली खुबी रकमेत नाही, क्रमात आहे. आधी गावाने जमवायचे, मग बाकीच्यांनी द्यायचे. त्यामुळे तीन गोष्टी आपोआप झाल्या. पहिली, निवड-समितीची गरज उरली नाही. कोणत्या गावाला वाचनालय द्यावे, हे गावच ठरवत होते. दुसरी, कोणती पुस्तके हवीत याबद्दल गावाला बोलण्याचा हक्क मिळाला, कारण पैशाचा तिसरा भाग त्याचा होता. तिसरी, परीक्षा घ्यावी लागली नाही. गाव दरवर्षी पुन्हा वर्गणी जमवते, याचाच अर्थ वाचनालयाचा उपयोग होतो आहे. दक्षिणा कमिटीला परीक्षक लागले आणि रॉबर्ट लो यांना निरीक्षकांची फौज लागली. बडोद्याला प्रामुख्याने हिशेब तपासणारा माणूस पुरला.

घरात दही लावताना चमचाभर विरजण पुरते. ते पातेलेभर दुधाचे दही करते, पण दूध आपले असावे लागते. बडोद्याचे अनुदान या जातीचे होते.

१९३०च्या दशकाच्या अखेरीस बडोदे संस्थानात खेड्यांतल्या वाचनालयांची संख्या हजाराच्या वर गेली होती. पुष्कळ ठिकाणी वाचनालय शाळेत किंवा धर्मशाळेत असे, आणि त्याची देखरेख गावचा मास्तर करी. पुढे या वाचनालयांनी एकत्र येऊन आपली सहकारी संस्थाही काढली. पुस्तके, कपाटे, नोंदवह्या एकगठ्ठा घेतल्या की स्वस्त पडतात, हा त्यामागचा साधा विचार. वर्गणी जमवायला शिकलेल्या माणसांना सहकार वेगळा शिकवावा लागला नाही.

विरजण आहे, पण दूध नाही

इथपर्यंतची गोष्ट छान आहे. पण गणिताचा शिक्षक लगेच विचारील, की ज्या गावाने शून्य रुपये जमवले त्याचे काय? शून्याला कितीने गुणले तरी शून्यच. समान हिस्स्याच्या अनुदानात हा दोष अंगभूत आहे. ज्याच्याकडे थोडे आहे त्याला आणखी मिळते, आणि ज्याच्याकडे काहीच नाही त्याला काहीच मिळत नाही. चरोतरातल्या तंबाखू पिकवणाऱ्या सधन गावाला शंभर रुपये सोपे होते. आडरानातल्या पाड्याला ते अशक्य होते. गावातही वर्गणी देणारे घर आणि देऊ न शकणारे घर असा भेद राहणारच. शिवाय पुस्तके जिथे ठेवली आहेत त्या जागेची पायरी कोणी चढायची, हा प्रश्न आठ आण्यांनी सुटत नव्हता.

बडोद्याने या दोषावर निदान एक उत्तर शोधले. ते म्हणजे फिरती ग्रंथालये. ही योजना १९११मध्ये सुरू झाली. मजबूत लाकडी पेटीत पंधरा ते तीस पुस्तके भरायची, कुलूप लावायचे आणि मागणी करणाऱ्या गावाला पाठवून द्यायची. जाण्यायेण्याचे भाडे सरकारचे. वर्गणीची अट नाही. काही महिन्यांनी पेटी परत आली की दुसरी पाठवायची. ज्यांना अजून वाचता येत नाही त्यांच्यासाठी त्याच खात्याची दृश्य-शिक्षण शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या काचा, चित्रे आणि पुढे सिनेमाचे यंत्र घेऊन खात्याची माणसे गावोगाव जात आणि रात्री मोफत खेळ दाखवत.

म्हणजे एकाच खात्यात दोन प्रकारची मदत शेजारी शेजारी होती. एक हिस्सा मागणारी आणि दुसरी काहीच न मागणारी. पेटी आली, गावाला वाचनाची गोडी लागली, की मग वर्गणीचा विचार होऊ शकतो. दोन्ही नसत्या तर एक लंगडी पडली असती. या चळवळीचे कौतुक करणारे बहुधा हिस्स्याच्या नियमाबद्दल लिहितात. मला स्वतःला ती कुलूपबंद पेटी तितकीच महत्त्वाची वाटते.

वाचायला पुस्तके हवीत, तर ती लिहिणारेही हवेत. बडोदे दरबाराने दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढून त्याच्या व्याजातून मराठी आणि गुजराती पुस्तके काढायची सोय केली. ‘सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठीची ‘सयाजी बालज्ञानमाला’ या तिच्यातूनच निघाल्या. व्याजातून चालणाऱ्या मदतीचा एक फायदा असतो. दरसाल हात पसरावा लागत नाही.

बडोद्यानंतर

१९४९मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पण तिथल्या कल्पना संस्थानाबरोबर संपल्या नाहीत. मुंबई सरकारने १९३९मध्येच ग्रंथालयांच्या विकासाचा विचार करायला अ. अ. अ. फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. असा कायदा आपल्या देशात त्याआधी कुठेच नव्हता. महाराष्ट्राचा कायदा १९६७चा. त्यानुसार लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि दर्जाप्रमाणे अनुदान मिळते. राज्यात अशी दहा हजारांहून अधिक ग्रंथालये आहेत. १९७२मध्ये केंद्र सरकारने राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान स्थापन केले. त्याच्या मदतीच्या योजना ‘समान निधी’ आणि ‘असमान निधी’ अशा दोन नावांनी ओळखल्या जातात. पहिलीत राज्याचा हिस्सा लागतो, दुसरीत लागत नाही. बडोद्याचा हिस्सा आणि बडोद्याची पेटी, दोन्ही इथे नव्या नावाने भेटतात.

महाराष्ट्रात या अनुदानापूर्वीची एक जुनी परंपराही आहे, ती विसरता कामा नये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, अहमदनगरचे १८३८चे, पुण्याचे १८४८चे. ही वर्गणीवर उभी राहिली. सुरुवातीला ती इंग्रज अधिकारी आणि शहरातले शिकलेले लोक यांच्यापुरतीच होती. त्यांची दारे सर्वांसाठी उघडायला पुष्कळ काळ आणि पुष्कळ भांडणे लागली. अनुदान आल्यावर त्याच्याबरोबर ग्रंथालय सर्वांना खुले असले पाहिजे ही अट आली, आणि ती अट चांगली होती. सगळ्याच अटी वाईट नसतात.

तीन उदाहरणांवरून एखादा नियम काढू नये, हे प्रयोगशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. तरी काही प्रश्न मात्र प्रत्येक नव्या योजनेला विचारता येतील. साक्षरतेचा वर्ग असो, गावचे नाट्यमंडळ असो, की गावाचा इतिहास जमवण्याचा उपक्रम. पैसा कुणाला द्यायचा हे कोण ठरवणार, आणि ठरवणाऱ्याचे त्यात हितसंबंध आहेत का? काम झाले हे कशावरून मोजणार, आणि त्या मोजण्यामुळे कामच बदलून जाईल का? घेणाऱ्याने आपले काय घालायचे आहे? आणि ज्याच्याकडे घालायला काहीच नाही त्याच्यासाठी वेगळी पेटी ठेवली आहे का? योजनेच्या पत्रकात रकमेचा आकडा ठळक अक्षरांत असतो. या प्रश्नांची उत्तरे बारीक अक्षरांतल्या नियमांत असतात. तिथे जरूर पाहावे.

वर्गात करता येईल असे

आठवी-नववीच्या मुलांना गावातल्या किंवा वॉर्डातल्या वाचनालयात घेऊन जावे. पुस्तके दाखवायला नव्हे, जुन्या वह्या पाहायला. चालकांची परवानगी घेऊन जमाखर्चाची, देवघेवीची आणि सभासदांची सर्वांत जुनी वही मागावी. मुलांनी चार गटांत बसून चार गोष्टी शोधाव्यात. पहिल्या वर्षी एकूण जमा किती आणि त्यात वर्गणी किती, देणगी किती, अनुदान किती? दहा-दहा वर्षांनी हे प्रमाण कसे बदलले? सभासदांच्या यादीत बाई पहिल्यांदा केव्हा आली, आणि गावाच्या कोणकोणत्या वस्त्यांतून सभासद आले? कोणती पुस्तके सर्वाधिक बाहेर गेली?

पहिल्या दोन प्रश्नांचे आलेख काढता येतात. तिसऱ्या प्रश्नासाठी मुलांना घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागेल. चौथ्याचे उत्तर बहुधा शिक्षकांना चकित करील. ही वही म्हणजे इतिहासाचे अस्सल साधन आहे. बऱ्याच वाचनालयांत अशा वह्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन झालेल्या असतात आणि रद्दीच्या भावात जातात. मुलांनी त्या झटकून, अनुक्रम लावून, कोरड्या कपाटात ठेवल्या तरी एक मोठे काम होईल. त्याला अनुदान लागत नाही. एक फडके आणि दोन शनिवार पुरतात.